दिवस गेले म्हणून मासे पूर्ण बंद? मला अजिबात पटत नाही

सांजवेळ
काल इथे एकीने लिहिलं, ‘दिवस गेले की मासे पूर्ण बंद, त्यात पारा असतो. नऊ महिने जिभेला आवर घालता येत नसेल तर आई कशाला व्हायचं?’ शेवटच्या वाक्याने डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्या माशांत पारा सारखा नसतो. पाण्यातले जिवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी हे विषारी रूप करतात. ते छोट्या माशांतून मोठ्यांत चढत जातं. जो मासा इतर मासे खाऊन वर्षानुवर्षं जगतो, त्याच्यात ते साठतं. म्हणून शार्क, तलवार मासा, मार्लिन, बिगआय ट्यूना नकोच. सार्डिन, अँकोव्ही, सालमन यांत ते फार कमी असतं. अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था एफडीए तर गरोदर बाईला आठवड्याला २२७ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खायलाच सांगते. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल लागतं, आयोडीन लागतं. ते तोडायला सांगताना जबाबदारी कोण घेणार?

दक्षआई
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. मिनामाता आठवा. १९५६ साली जपानमध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा तो आजार उघड झाला. काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण बाळं जन्मतःच मेंदूला इजा घेऊन आली. पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो. शिवाय तुकडे करून विकलेला मासा कोणता, हे किती जणींना ओळखता येतं?

तर्कट
मिनामाताच्या खाडीत कारखान्याने वर्षानुवर्षं पाऱ्याचं सांडपाणी सोडलं होतं. रोजच्या ताटातल्या सार्डिनला तोच न्याय कसा लावता? आणि पारा शरीरात निम्मा व्हायलाच साधारण दोन महिने लागतात. म्हणजे मोठे मासे टाळायचे तर मूल हवंय तेव्हापासूनच टाळायला हवेत. दिवस राहिल्यावर घाबरून सगळंच बंद करण्याने आधीचा पारा लगेच निघून जात नाही.

गवतफुला
माझ्या आईने तिन्ही बाळंतपणांत मासे भरपूर खाल्ले. आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. एवढं पुरे नाही का?

दक्षआई
नाही पुरत. तुमची आई कोणते मासे खात होती, ते लिहा आधी.

तर्कट
इथे दक्षआईंच्या बाजूने. घरातल्या तिघांवरून काही ठरत नाही. पण मोठे अभ्यास आहेत. ब्रिटनमधल्या हजारो माता-मुलांचा अभ्यास २००७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांची मुलं भाषिक बुद्ध्यांकात मागे पडण्याची शक्यता जास्त दिसली.

दक्षआई
मासे जास्त खाणाऱ्या बायका जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या असतील. आणि उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरच्या मुलांत पाऱ्याचा परिणाम दिसलाच ना?

तर्कट
शिक्षण आणि घरची परिस्थिती ब्रिटनच्या अभ्यासात हिशोबात धरली होती. तरीही असा अभ्यास शंभर टक्के पुरावा नसतो, हे मान्य. फॅरोत मुख्य पारा पायलट व्हेलच्या मांसातून आला. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आया नेहमी मासे खातात, तिथे तसं स्पष्ट नुकसान दिसलं नाही.

मीनाक्षी_७
सगळे पाऱ्यावरच अडकलात. कच्चा आणि थंड धुरी दिलेला मासा राहिला बाजूला! लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजमध्येही वाढतो, गोठवून मरत नाही, आणि गर्भपातापर्यंत नेऊ शकतो. मासा आतपर्यंत ६३ अंश सेल्सिअसला शिजला पाहिजे. शिजवल्याने पारा मात्र जात नाही, तो मांसातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो.

मला कुणी हे सांगितलं नाही. डॉक्टरांना विचारलं तर ‘मासे टाळा’ म्हणाले आणि कॅप्सूल लिहून दिल्या. दोन मिनिटांत बाहेर!

गवतफुला
अगदी! आणि मग घरातले, शेजारचे, कुणीही येऊन ताटात डोकावतं. गरोदर बाई म्हणजे सार्वजनिक मालमत्ता आहे का? माझ्या पुढ्यातली ताटली चक्क उचलून नेली होती. त्या रात्री मी उपाशी झोपले.

दक्षआई
काळजीपोटी करतात लोक. माझ्या बहिणीचं बाळ गेलं, तेव्हा मी तिथे होते. तुम्हाला ती भीती कळायची नाही.

सांजवेळ
वाईट वाटलं, खरंच. पण ते माशामुळे झालं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं का? नसेल, तर त्या भीतीचं ओझं दुसऱ्या गरोदर बाईवर का टाकता? एखादी मळमळीने हैराण असते, जेमतेम मासाच पोटात टिकतो, आणि तिला तुम्ही आई होण्याच्या लायकीवरून बोलता.

शेवाळ
मी मासे खात नाही. शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं, डॉक्टरांना विचारून तेही घेता येतं. कॉड लिव्हर ऑइल मात्र गरोदरपणी नको, त्यातलं जास्तीचं जीवनसत्त्व अ बाळाला घातक ठरू शकतं.

दक्षआई
बहिणीबद्दल कुणीच काही निश्चित सांगितलं नाही. छोट्या, नीट शिजवलेल्या माशांचं मानते, तेवढंच. नाव न सांगता विकलेला तुकडा मी तरी नकोच म्हणेन.

सांजवेळ
तो मीही घेणार नाही. अख्खा, ओळखीचा मासा घ्यावा. ‘आई कशाला व्हायचं’ हे मात्र अजून तिथेच आहे. ते काढा.