शहरातून थेट लहान गावात: सांगा आपापली फजिती

काल माळ्यावरची ट्रंक उघडली. वडिलांच्या जुन्या डायरीत एक पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं, पाचोरा ते जामनेर. मग कसलं आवरणं आणि कसलं काय!

१९८६ साली वडिलांची बँकेतली बदली झाली आणि आम्ही दादरहून पाचोऱ्याला आलो. मी सहावीत. पहिल्याच दिवशी एक पोरगा म्हणाला, "कथा चालना रे भो?" मला वाटलं, हा गोष्ट सांगायला सांगतोय. मी आपली बिरबलाची सुरू केली. तो बिचारा अर्धी ऐकून म्हणाला, "आरे, कुठे चालला, कुठे!" पुढे दहावीपर्यंत माझं नाव 'कथा'.

आणि आमची पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर गाडी! छप्पन्न किलोमीटरची नॅरोगेज. मी दादरच्या सवयीने डबा थांबायच्या आत उडी मारून खिडकी पकडली. मागे वळून पाहिलं तर लोक निवांत पिशव्या चढवताहेत, एक आजी गार्डाशी लेकीच्या लग्नाचं बोलतेय. घाई फक्त मला. लॉकडाऊनमध्ये गाडी बंद झाली, तेव्हा मी ऑफिसात होतो तसाच बसून राहिलो.

तुमचंही येऊ द्या.

वाळवण
पीजे!!! माझं आजोळ जामनेर. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

बदलीची पोर
ठाण्याहून कारंजा. वर्गात "मला पेन दे" म्हटलं तर मागून, "काऊन बे, टीव्हीतून आली काय?" महिनाभर घरी येऊन रडायचे. दिवाळीत ठाण्याला गेले आणि मावशीला म्हणाले, "मले नाही पाहिजे." आई कपाळावर हात मारून हसत सुटली.

अर्धा कप
गिरगाव ते लांज्याजवळचं गाव, वय दहा. बावीवर गेलो, कळशीला दोर बांधला, सोडली. फासा कसा मारायचा कोण सांगणार? दोर वर आला, कळशी खाली. काकी काही बोलली नाही. शेजारून लोखंडी गळ आणला, तीन दात असलेला, आणि दोरीने तळ चाचपत राहिली. वर काय आलं? आधी एक तांब्या, मग कोणाची तरी बादली, आमची कळशी सगळ्यात शेवटी. तांब्या तीन वर्षांपूर्वी हरवलेला म्हणे. दोन घरांनी माझे आभार मानले.

चहाटळ
अर्धा कप 😂 तुम्ही तर गावाचे पाणबुडे

नाव नको
सगळ्यांचं गोड चाललंय, माझं जरा वेगळं. तालुक्याचं गाव, १९९४. मुंबईत चाळीत मला कधी कुणी विचारलं नव्हतं. इथे पहिल्या आठवड्यात पाच जणांनी आडनाव विचारलं. आडनावावरून कळलं नाही, मग "म्हणजे कोण तुम्ही?" मी घरी जाऊन बाबांना विचारलं, आपण कोण? ते बराच वेळ पेपर वाचत राहिले. पान काही उलटलं नाही.

बदलीची पोर
@नाव नको, आमच्याकडेही. नुसतं पाणी मागितलं तरी आधी आडनाव.

वाळवण
आले. कुकर झाला. खानदेशातल्या कोणाला कळण्याच्या भाकरीचं प्रमाण नक्की माहीत आहे का? आजी गेली, कुणी लिहूनच ठेवलं नाही.

खाटेवरून
चार वाट्या ज्वारी, एक वाटी अख्खे उडीद, मीठ दळतानाच. सोबत ठेचा. (विषयांतर, माफी!)

दोन ठिकाणी घर
आमची उलटी गंमत. २०२० मध्ये पुण्याहून सासरी गेलो, लेक पाच वर्षांची. तिने आल्या आल्या विचारलं, "इथे गेट कुठंय? वॉचमन काकांना कसं कळणार आपण आलो?" संध्याकाळपर्यंत तिला कोणी न कोणी उचलून नेलं होतं. परत आली तेव्हा हातात कुणाच्या तरी घरची अर्धी भाकरी आणि पायात एकच चप्पल. दुसरी अजून सापडलेली नाही.

चहाटळ
अर्धा कपच्या काकीचा गळ पाठवा.

धागाकर्ता
@नाव नको, लिहिलंत हे बरं केलंत. आम्हालाही विचारायचे. मला उत्तर देताना काही वाटायचं नाही, हे आज तुमचं वाचून लक्षात आलं.
@वाळवण, आईला फोन केला. ती म्हणते, मीठ घालायचं ते खडेमीठ असलं तरच. आणि तुमचं आजोळ जामनेरात कुठल्या गल्लीत, हेही तिला आत्ताच्या आत्ता हवंय.