मामांनी लग्न लावलं तर नोंदणीत अडचण येते का? (तातडीने मदत हवी आहे)

सायली_ठाणे
लग्न पुढच्या महिन्यात ६ तारखेला, जेमतेम तीन आठवडे हातात. भटजी बोलवायचे नाहीत हे आमचं दोघांचं पक्कं आहे. माझे मोठे मामा लग्न लावणार, आम्ही शपथ घेणार, हार घालणार, झालं. आता हॉलवाले म्हणतात, नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते. मामांची चालेल का? अनुभव असलेल्यांनीच सांगा प्लीज.

गोदाकाठ
चालते. आमचं नाशकात सत्यशोधक पद्धतीने झालं. नमुना ड वर (नोंदणीचा अर्ज) लग्न लावणाऱ्याच्या जागी आत्याच्या यजमानांनी सही केली, त्यांचं आधार जोडलं. तीन साक्षीदार, पत्रिका, फोटो, १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला १८७३ साली आणि त्याच वर्षी भटजीशिवाय लग्न लावलं. त्यांनी स्वतः मंगलाष्टकं लिहिलीत, तीच म्हणा. फार सुंदर आहेत.

जुनं_खोड
सप्तपदी करणार का ते आधी सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलंय, विधी झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. तासाभराचं काम आहे, गुरुजींना बोलवा.

गोदाकाठ
हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ पूर्ण वाचा काका. वधू किंवा वर, कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी चालतात. सप्तपदी ज्यांच्या रूढीत आहे त्यांनाच ती लागू. बौद्धांची लग्नं याच कायद्यात येतात, तिथे कुठे असते सप्तपदी?

जुनं_खोड
रूढी म्हणजे पिढ्यानपिढ्या चालत आलेली. मामांनी आत्ता रचलेली शपथ रूढी कशी होईल?

कोर्टाची_पायरी
मुलगा कुठला, धर्म कोणता, दोघांचे पत्ते कुठले? यातलं काहीच लिहिलेलं नाही. ते कळल्याशिवाय सहीचं उत्तर देता येत नाही.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात हा घोळच नाही. आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, आक्षेपांची मुदत गेली की दुसरी. मग मंदिरात विधी करा. आणि लग्नाआधी मालमत्तेचा करार केला नाही तर दोघांचं सगळं निम्मं निम्मं धरतात. करार नंतर करता येत नाही, तेवढं बघा.

परदेशी_पाहुणा
कॅलिफोर्नियात भाचीचं लग्न तिच्या मैत्रिणीने लावलं. काउंटी एका दिवसापुरता तसा अधिकार देते. आपल्याकडेही असं हवं.

सायली_ठाणे
आम्ही ठाण्यातले, गोव्याचा काय संबंध? तो वसईचा, ख्रिश्चन. पण चर्चमध्ये करायचंच नाहीये म्हणून लिहिलं नाही. मला फक्त सहीचं सांगा.

कोर्टाची_पायरी
मग वरची सगळी चर्चा तुम्हाला लागू नाही. हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात (बौद्ध, जैन, शीख धरून). एक जरी ख्रिश्चन असेल तर १८७२ चा ख्रिश्चन विवाह कायदा येतो. त्याच्या कलम ४ प्रमाणे, कायद्याने अधिकार दिलेले पाद्री किंवा विवाह निबंधक यांच्याशिवाय कोणीही लावलेलं लग्न रद्दबातल. म्हणजे मामांनी सही केली तरी लग्नच उभं राहत नाही.

तुम्हाला रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहतोय, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती प्रसिद्ध झाली की आक्षेपांसाठी ३० दिवस. त्यानंतर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, लग्न. ६ तारीख यात बसत नाही.

सायली_ठाणे
हॉलचे पैसे भरलेत, पत्रिका वाटल्या! ओळखीने ३० दिवस कमी होत नाहीत का?

कोर्टाची_पायरी
नाही. मागची तारीख टाकून देतो म्हणणारे एजंट भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. ६ ला समारंभ करा, कोणी अडवत नाही. पण अधिकाऱ्यांसमोर लग्न होईपर्यंत कायद्याने तुम्ही नवरा-बायको नाही, कुठल्याही फॉर्मवर तसं लिहू नका.

तारीख हलत असेल तर जास्त चांगलं होईल. या कायद्यात विधी तुम्हाला हवा तसा करता येतो आणि जादा शुल्क भरलं तर अधिकारी जवळपासच्या हॉलवरही येऊ शकतात. त्यांच्या आणि तीन साक्षीदारांच्या समोर दोघांनी एकमेकांना 'कायदेशीर पती', 'कायदेशीर पत्नी' म्हणून स्वीकारल्याचं म्हणायचं, मराठीत चालतं. बाकी शपथ मामांनीच द्यावी.

गोदाकाठ
नोटीस कचेरीतल्या फलकावर लागते. दोन्ही घरी माहीत आहे ना?

सायली_ठाणे
हो, सगळ्यांना माहीत आहे. मामांशी आत्ता बोलले. ते म्हणाले, तारीख पुढे ढकला, अधिकाऱ्यांसमोरच लावू. हॉलवाले पुढच्या महिन्याच्या अखेरचा एक दिवस देतायत. उद्या नोटीस देतो. अधिकाऱ्यांना हॉलवर बोलवायचं तेव्हाच सांगायचं की नंतर?

कोर्टाची_पायरी
नोटीस देतानाच. त्यांचा तो दिवस मोकळा आहे का ते आधी विचारा, मग हॉलवाल्यांना हो म्हणा.