सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग घरी बदलायची की नाही?

पानेवाला: "रिव्हॉल्व्हर उघडणं गनस्मिथचंच काम, घरी स्प्रिंग बदलणारे सगळे बेजबाबदार." कालची ही पोस्ट वाचून डोकं तापलं. १८७३ च्या कोल्टमध्ये, म्हणजे दर गोळीआधी हॅमर (मागचा घोडा) हाताने ओढावा लागणाऱ्या सिंगल ॲक्शनमध्ये, ट्रिगर आणि सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) अडवणारा बोल्ट, दोघांना मिळून एकच दोन पायांची चपटी स्प्रिंग. तिचा एखादा पाय मोडणं नेहमीचंच. सगळे चेंबर (सिलिंडरमधली काडतुसांची घरं) रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि बदला. एवढ्यासाठी कुणाच्या रांगेत ताटकळायचं?

सावध: मोडकी कोण बदलतंय? लोक हलकी बसवतात. हॅमर पुढे ढकलणारी मेनस्प्रिंग हलकी केली की हॅमरचा फटका कमी पडतो, काडतुसातला प्रायमर (ठिणगी देणारा भाग) पेटत नाही. माझ्या मेहुण्याने तेच केलं आणि रेंजवर नुसते ठोके ऐकत बसला. वर न उडालेलं काडतूस लगेच काढायला निघाला! ते उशिरा पेटलं असतं तर?

पानेवाला: मग मेहुण्याला आवरा. घरी काम करणाऱ्या सगळ्यांना का झोडपता?

कॉइलवाला: मुळात चपट्या स्प्रिंगा हव्यात कशाला? रुगर कंपनीने १९५३ च्या सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हरमध्येच कॉइल (वेटोळ्याच्या) स्प्रिंगा घातल्या. विषय संपला.

जुनाखोड: आणि त्याच रुगरने १९७३ ला ट्रान्सफर बार (हॅमरचा फटका पुढे पोचवणारी पट्टी) आणून हाफ-कॉक, म्हणजे हॅमर अर्ध्यावर अडवणं, घालवला. कोल्टचा हॅमर ओढताना येणारे ते चार ठोके गेले. ही सुधारणा?

कॉइलवाला: ठोक्यांपायी एक चेंबर कायम रिकामं ठेवायचं? कोल्टचा हॅमर काडतुसावर टेकलेला असताना बंदूक पडली तर गोळी सुटू शकते. बार असला की ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा फटका काडतुसावर आदळणाऱ्या पिनपर्यंत पोचतच नाही.

जुनाखोड: मला शिकवू नका. माझे वडील जन्मभर पाचच भरत आले. ज्याला पाच मोजता येत नाहीत त्याने बंदूक धरूच नये.

कॉइलवाला: दमलेला माणूस चुकतो, तुमच्या घरातलासुद्धा.

जुनाखोड: घरापर्यंत जायचं काम नाही!

सावध: अहो, धागा स्प्रिंगचा आहे. पानेवाले, मोडकी असेल तर बदला घरी, मूळ ताकदीची. एवढंच मान्य. ट्रिगर ज्यात अडकतो त्या हॅमरच्या खाचांना कानस लावलीत तर मात्र माझा विरोध कायम.

पानेवाला: कानशीचं नाव मी काढलंच नव्हतं. बसवल्यावर रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा हॅमर सावकाश ओढून सहाही चेंबरवर बोल्ट पक्का बसतो का, हे बघायलाच हवं. इतपत तुमचं बरोबर.

जुनाखोड: आणि ते बघताना चार ठोके येतात का, तेही ऐका.