माझं मत डेकॅथलॉनलाच

सगळ्यात अष्टपैलू खेळाडू कोणत्या खेळात, या प्रश्नावर इथे बहुतेकांनी फुटबॉल, बास्केटबॉल म्हटलंय. त्यांच्या दमसासाबद्दल, चपळाईबद्दल वादच नाही. पण अष्टपैलू म्हणाल तर डेकॅथलॉन! दोन दिवसांत धावणं, उड्या, फेकी असे दहा मैदानी प्रकार, आणि त्यांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. ७.२६ किलोचा गोळा फेकायला अंगात वजन हवं, तेच वजन बांबूउडीत वर न्यायचं आणि शेवटी १५०० मीटर ओढायचं. अमेरिकेच्या डेकॅथलॉनपटू अ‍ॅश्टन ईटनने २०१५ मध्ये त्यातली ४०० मीटर ४५.०० सेकंदांत काढली, तीही त्याच दिवशी चार प्रकार उरकून! चेंडूवरची नजर, समोरच्याचा डाव ओळखणं यात नाही, हे मान्य. आणि जॅकी जॉयनर-कर्सीला का विसरता? हेप्टॅथलॉनमधले, म्हणजे बायकांच्या सात प्रकारांच्या स्पर्धेतले, तिचे १९८८ चे ७२९१ गुण अजून कुणी ओलांडलेले नाहीत.