लिहिलेल्या कृतीशिवाय हात अडखळतो. चवीचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न

मी गेली सहा वर्षे रोज स्वयंपाक करते. कृती समोर असली की पदार्थ नीट होतो. पण त्यातला एखादा जिन्नस घरात नसला किंवा मनाने काही करून पाहावेसे वाटले, की हात अडखळतो. गेल्या आठवड्यात चार माणसे जेवायला येणार होती, तेव्हा मी धीर करून दोन गोष्टी पूर्णपणे माझ्या अंदाजाने केल्या. एक, रात्रभर भिजवलेल्या सुक्या वाटाण्यांचे सूप, ज्यात कांदा, टोमॅटो आणि वाटाणे मी एकदमच पातेल्यात चढवले. आणि दुसरे, लिंबू-आल्याचे थंड सरबत, ज्यासाठी लिंबाच्या सालीसकट चकत्या आणि आल्याचे तुकडे उकळत्या पाण्यात टाकून अर्धा तास झाकून ठेवले, मग गाळून साखर घातली.

सूप दोन तास रटरटत राहिले, तरी वाटाणे दाताखाली कचकचत होते आणि चव मिळमिळीत होती. शेवटी मी मीठ घालत गेले, तर ते वरवर खारट लागले, पण आतून अळणीच राहिले. सरबत दुपारी चाखले तेव्हा छान गोड-आंबट होते; रात्री बर्फ घालून दिले तेव्हा तेच पाणचट लागले आणि घोट गिळल्यावर मागे कडवटपणा रेंगाळला. पाहुण्यांनी काही म्हटले नाही, पण माझे मन खट्टू झाले.

माझ्या चुका कुठे झाल्या हे मला समजून घ्यायचे आहे. त्याहून अधिक हे, की ज्यांचा हात स्वयंपाकात मोकळा आहे त्यांनी तो कसा मोकळा करून घेतला? ही उपजत देणगी असते, की सरावाने येते?

उत्तर १

सरावाने येते, मात्र रोज तीच कृती तशीच करत राहणे हा त्यासाठीचा सराव नव्हे. आधी वाटाण्यांबद्दल सांगतो, कारण तुमचा दोष हाताचा नसून क्रमाचा होता. वाटाण्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर सुरुवातीलाच पडले तर कडधान्य तासन्‌तास शिजूनही टणक राहते. वाटाणे आधी साध्या पाण्यात बोटांनी चिरडतील इतके मऊ शिजवावेत आणि टोमॅटो त्यानंतर घालावेत. पाणी जड असेल किंवा वाटाणे फार जुने असतील, तरीही असेच होते. अशा वेळी चिमूटभर खायचा सोडा मदत करतो, पण जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

आता मिठाविषयी. शेवटी घातलेले मीठ रश्शात राहते, दाण्याच्या गाभ्यात पोहोचायला त्याला वेळच मिळत नाही. तुम्हाला जाणवलेले ‘वरवर खारट, आतून अळणी’ हे त्याचेच अचूक वर्णन आहे. मी मीठ दोन-तीन टप्प्यांत घालतो आणि दर वेळी चाखतो. आकडा हवा असेल, तर पाण्यासकट पदार्थाच्या एकूण वजनाच्या सुमारे 1 टक्का मीठ बहुतेकांना बेताचे वाटते, म्हणजे एक किलो सुपाला 8 ते 10 ग्रॅम. साधा डिजिटल काटा वापरून महिनाभर मीठ मोजले, की पुढे चिमटीलाच वजन कळू लागते. ‘कपा’वर मात्र विसंबू नये: मेट्रिक कप 250 मिलिलिटरचा, अमेरिकी कप साधारण 237 चा आणि जपानी कप 200 चा असतो. कृती तंतोतंत पाळूनही पदार्थ फसतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

एक प्रयोग अवश्य करा, मला स्वतःला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. मीठ न घातलेले कोणतेही सूप चार वाट्यांत घ्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीत फक्त मीठ, तिसरीत तेवढेच मीठ आणि लिंबाचे पाच-सहा थेंब, चौथीत मीठ, लिंबू आणि लोण्याचा छोटा तुकडा घाला. मग एकापाठोपाठ एक चाखा आणि मध्ये पाण्याचा घोट घ्या. तिसऱ्या वाटीत टोमॅटोची चव एकदम पुढे येते आणि चौथीत तीच जिभेवर पसरून अधिक वेळ टिकते. ‘काहीतरी कमी आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ते काहीतरी नेमके काय आहे, हे जीभ या चार वाट्यांतून शिकते. बहुतेक वेळा ते मीठ असते. मीठ पुरेसे असूनही चव दबलेली वाटली तर आंबट कमी असते.

मिळमिळीतपणाचे दुसरे कारण कांदा असावा. कांदा पाण्याबरोबरच चढवल्याने तो उकडला, भाजला गेला नाही. पाणी आहे तोपर्यंत तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकते, आणि खमंगपणा देणारी प्रक्रिया, जिचे वर्णन लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले, ती साधारण 140 अंशांच्या पुढे झपाट्याने होते. म्हणून कांदा आधी थोड्या तेलात परतावा. सुरुवातीला तो सुसकारे टाकल्यासारखा आवाज करतो, कारण पाणी उडत असते. तो आवाज कोरडा आणि चरचरीत झाला, की कडा लालसर होऊ लागतात. त्याच क्षणी आच कमी करा. तळाला चिकटलेला तपकिरी थर करपलेला नसेल तर दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने खरवडून घ्या, कारण सुपाची निम्मी चव त्या थरात असते. पातेल्यात एका वेळी फार कांदा कोंबला तर तो स्वतःच्याच वाफेत शिजतो, हेही लक्षात असू द्या.

उत्तर २

सरबतासंबंधी मी लिहिते, कारण घरी पेये करण्यातच माझा जास्त वेळ जातो आणि तुमच्या दोन्ही चुका मीही केलेल्या आहेत.

कडवटपणा सालीखालच्या पांढऱ्या थरातून आला. लिंबाचा सुगंध पिवळ्या किंवा हिरव्या बाह्य सालीतल्या तेलात असतो आणि कडूपणा प्रामुख्याने पांढऱ्या थरात व बियांत. अख्ख्या चकत्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवल्याने सुगंधापेक्षा कडूपणाच अधिक उतरला. त्याऐवजी चार लिंबांची फक्त वरची साल धारदार सोलण्याने पातळ काढा, 150 ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा आणि दोन तास झाकून ठेवा. साखर सालीतले तेल ओढून घेते. ती हळूहळू ओलसर, किंचित पिवळसर होते आणि झाकण काढताच खोलीभर वास दरवळतो. मग त्यात 150 मिलिलिटर गरम पाणी घालून साखर विरघळू द्या आणि गाळा. हा पाक निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर सहज वापरता येतो.

पाणचटपणाला दोन कारणे आहेत. एक तर बर्फ वितळून पाणी वाढले. आणि दुसरे, जे पुष्कळांच्या लक्षात येत नाही ते हे, की थंडीत जिभेला गोडी कमी जाणवते. सामान्य तापमानाला नेमके लागलेले सरबत थंड झाल्यावर फिकेच लागणार. म्हणून सरबत ज्या थंडाव्यात द्यायचे त्याच थंडाव्यात, बर्फ घालून आणि दोन मिनिटे थांबून चाखावे. मी एक भाग लिंबाचा रस, एक भाग वरचा पाक आणि तीन भाग थंड पाणी येथून सुरुवात करते. बर्फ भरपूर असेल तर पाणी अडीच भाग. शेवटी अगदी थोडे मीठ, खारट न लागेल इतके. मीठ कडूपणा दाबते आणि गोडी उजळवते.

आल्याचे स्वरूप तुम्ही ते कसे वापरता त्यावर बदलते. ताजे किसून पिळलेले आले तिखट आणि झणझणीत असते. शिजवल्यावर त्याला तिखटपणा देणाऱ्या जिंजेरॉल या घटकाचा काही भाग सौम्य, गोडसर झिंजेरोनमध्ये बदलतो. मी थोडे आले पाकात उकळते आणि थोडा कच्चा रस अगदी शेवटी घालते. कच्चा रस आधी दहा मिनिटे स्थिर ठेवावा, म्हणजे पांढरा पिठूळ गाळ खाली बसतो आणि वरचे निवळ तेवढे घेता येते.

उत्तर १ मधील काट्याच्या सल्ल्याशी मी अर्धीच सहमत आहे. मिठाला तो चोख लागू पडतो. पण एका लिंबातून दोन चमचे रस निघतो, दुसऱ्यातून चार, आणि आंबटपणाही कमी-जास्त असतो. तेथे वजनापेक्षा जिभेचे ऐकावे लागते. म्हणून रस एकदम ओतू नये. तीन चतुर्थांश घालावा, चाखावे आणि मग उरलेला घालावा. घातलेले परत काढता येत नाही, या जाणिवेनेच माझा हात धीट झाला, कारण कमी घातले की चूक नेहमी सुधारता येते.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी फक्त हात कोठे मोकळा सोडू नये तेवढे सांगतो, कारण उत्साहाच्या भरात ते राहून जाते. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये. हवा न लागणाऱ्या, आंबट नसलेल्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. असे तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावे. भाज्या आंबवताना भाजीच्या वजनाच्या 2 ते 2.5 टक्के मीठ मोजूनच घालावे. आणि यीस्ट घालून घरी फसफसणारे आल्याचे पेय करणार असाल, तर बंद काचेच्या बाटलीत ते मुळीच ठेवू नका. वायूचा दाब वाढून बाटली फुटते. प्लास्टिकची बाटली घ्यावी, रोज दाबून पाहावी आणि ती टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल वाटाणे नुसत्या पाण्यात शिजवले आणि ते पाऊण तासातच मऊ झाले. टोमॅटो नंतर घातले. कांदा परतताना आवाज बदलतो हे मला आजवर कधीच ऐकू आले नव्हते, काल मात्र स्पष्ट कळले. चार वाट्यांचा प्रयोग घरातल्या तिघांनीही केला. माझ्या मुलीने डोळे मिटून तिसरी वाटी ओळखली आणि ‘यात टोमॅटो जास्त आहे’ असे ठामपणे सांगितले, जेव्हा टोमॅटो चारही वाट्यांत सारखाच होता.

लिंबाच्या सालीचा पाक फ्रिजमध्ये तयार आहे. आता त्यात पुदिना घालून पाहावा असे वाटते. तो पाकात उकळावा की नंतर कुटून घालावा?

उत्तर २

दोन्ही नको. उकळल्याने पुदिन्याचा ताजेपणा उडून जातो आणि कुटल्याने पाने काळवंडून कडवट होतात. पाने तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदा जोरात थोपटा, वास आला की तशीच अख्खी ग्लासात टाका आणि वरून थंड सरबत ओता.