एकच भांडं, तीन आकडे. खरं माप कोणतं?

प्रश्न
चिनी मातीचं सरळ उभं भांडं आहे. किती मावतं ते चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं होतं. पट्टी लावली तर रुंदी १२ सेंमी, उंची १५. हिशेबाने १६९६ मिली आले. मग काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं, तर नुसत्या पाण्याचे १४९५ ग्रॅम. पाणी काढलं, भांडं पुसून कोरडं केलं आणि तेल भरलं, तर १३८०! दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय. काटा बिघडलाय का?

प्रतिसाद १
पट्टी बाहेरून लावली असणार. भिंत आणि तळ ३ मिमी जाड असतील तर आतला व्यास ११.४ आणि खोली १४.७ सेंमी. आता करून बघा, बरोबर १५०० मिली.

प्रतिसाद २
काटा अगदी चोख आहे. तेल हलकं असतं, १ मिलीला साधारण ०.९२ ग्रॅम. १३८० ला ०.९२ ने भागा, पुन्हा १५००च. मध भरलात तर दोन किलोच्या वर जाईल. ग्रॅम म्हणजेच मिली हे फक्त पाण्याला लागू, आणि तेही तंतोतंत नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत दाट असतं, २५ अंशांना मिलीमागे ०.९९७ ग्रॅम भरतं. तुमचे ५ ग्रॅम तिथे गेले.

मी वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत मोजपात्रं हाताळली आहेत, म्हणून एक आवर्जून सांगतो. पाणी काचेला धरून कडेने किंचित वर चढतं. ती कड वाचायची नाही, मधल्या खोलगट भागाचा तळ वाचायचा, तोही डोळा त्याच पातळीला आणून. उभ्याने वरून पाहिलं की आकडा चुकतोच. काठोकाठ भरतानाही जपा, पाणी काठाच्या वर फुगून राहतं आणि सांडत नाही.

प्रश्नकर्ती
आतून मोजलं, ११.४च निघाले! चिठ्ठीवर मात्र १४०० लिहिलंय, कारण काठोकाठ भरलेलं भांडं उचलताना हिंदकळतंच. मग घरातला चहाचा चमचाही तपासला. एका चमच्याचं वजन काट्याला नीट कळेना, म्हणून दहा चमचे पाणी वाटीत घातलं. भरले ३८ ग्रॅम. हाच चमचा ५ मिलीचा समजून मी मुलीला औषध देत होते. आजपासून बाटलीसोबत आलेलं मापच वापरणार.