मदत हवी आहे: वीज गेल्यावर जिओथर्मल हीट पंप जनरेटरवर उठतच नाही

सदा_गारठलेला
वीज गेली की जनरेटर लावतो. दिवे, फ्रिज, राउटर सगळं मस्त चालतं. हीट पंपाचा ब्रेकर वर केला की जनरेटर कण्हतो, दिवे मंद होतात, आतून नुसतं 'घुंऽऽ' आणि खट्. मग जनरेटरच ट्रिप. जनरेटर 7 किलोवॅटचा आहे, पंप चालताना 4 पण खात नाही. मग घोडं अडतंय कुठे? वादळाचा इशारा आलाय, घरात म्हातारी माणसं आहेत. 'इलेक्ट्रिशियनला बोलवा' असं कृपया सांगू नका, तो येऊन डोकं खाजवून गेला.

वायरमन_बापू
सात म्हणजे सलग सात की खोक्यावर छापलेले सात? किलोवॅट की केव्हीए? सिंगल फेज की थ्री? पंप किती टनी? कॉम्प्रेसरच्या पाटीवर एलआरए किती लिहिलाय? डिझेल की पेट्रोल? एवढं सांगा, मग बोलू.

निळाई
जिओथर्मल म्हणजे जमिनीतून वाफ येते तेच ना? घरात कसं काय?

टोचणारे_काका
सोलर आणि बॅटरी लावा, जनरेटरची कटकटच नको. आमच्याकडे मस्त चाललंय.

सदा_गारठलेला
काका, वादळात ऊन कुठून आणू? बापू, सिंगल फेज, 240 व्होल्ट, 4 टनी. जनरेटर सलग 7, झटक्याला 9. पाटी बघतो, पण पंप 4 किलोवॅटच खातो म्हटलं ना.

शून्य_दाब
@निळाई, वाफेचं वेगळं. तिच्यावर वीज बनवण्याचा पहिला प्रयोग इटलीत लार्देरेल्लोला 1904 साली झाला. इथे जमिनीतली साधी, वर्षभर जवळपास एकसारखी राहणारी ऊब उचलून घरात आणतात. फ्रिज उलटा लावल्यासारखं समजा. जमिनीतून उष्णता घेणाऱ्या हीट पंपाचं स्विस पेटंट 1912 चं आहे, त्यामुळे नवं खूळ वगैरे अजिबात नाही. एक युनिट वीज घालून तीन-चार युनिट उष्णता मिळते.

निळाई
वा, धन्यवाद! उन्हाळ्यात हाच घर गारही करतो का?

शून्य_दाब
करतो. पण धागा कशाबद्दल आहे ते बघा की ताई.

सदा_गारठलेला
पाटी बघितली. आरएलए 21, एलआरए 104. याचं काय करू?

वायरमन_बापू
आता कसं! आरएलए म्हणजे चालतानाचा करंट, एलआरए म्हणजे मोटर जागची हलायच्या आधी ओढते तो करंट. 104 गुणिले 240, म्हणजे जवळजवळ 25 केव्हीए. क्षणभरच, पण तेवढ्यात तुमच्या जनरेटरचा व्होल्टेज कोसळतो, मोटरला जोर मिळत नाही, ती घुमत राहते आणि शेवटी पंपातला कंट्रोल बोर्ड तिला तोडतो. चालताना 4 खातो हे खरंच, पण अडचण उठताना आहे. 20 केव्हीएचा डिझेल सेट घ्या आणि विसरा.

शून्य_दाब
बापू, 20 चा सेट घेऊन रात्रभर त्यावर 4 किलोवॅटच चालणार. डिझेल सेट सतत तीसेक टक्क्यांखाली चालवला की अर्धवट जळलेलं तेल एक्झॉस्टमध्ये साचतं. इंधनही जास्त जाळतो. आधी सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे मोटरला हळूहळू उठवणारा डबा, लावून बघा. उठतानाचा करंट निम्म्याहून खाली येतो.

वायरमन_बापू
माझ्या तीस वर्षांत कमी लोडने मेलेला सेट बघितला नाही, जास्त लोडने मेलेले पोत्याने बघितलेत.

रेंच_पाना
सॉफ्ट स्टार्टर महाग पडतो. हार्ड स्टार्ट किट लावा. कपॅसिटर आणि रिले, अर्ध्या तासाचं काम. माझ्या एसीला लावलंय, टकाटक उठतो.

शून्य_दाब
किटाने मोटरला जोर मिळतो आणि ती लवकर वेगात येते, पण पहिला धक्का फारसा कमी होत नाही. जनरेटर पहिल्या धक्क्यालाच बसतोय. आणि पंपात स्क्रोल कॉम्प्रेसर असेल, तर तो मुळात बिनदाबाचा उठतो, किटाचा उपयोग आणखी कमी.

रेंच_पाना
मग माझा एसी काय जादूने चालतो?

मेघना_क
पंप दोन टप्प्यांचा असेल तर थर्मोस्टॅटवरून पहिल्याच टप्प्यावर ठेवा. करंट कमी लागतो.

शून्य_दाब
चालताना कमी, उठताना तेवढाच. मोटर तीच असते हो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असता तर गोष्ट वेगळी, तो हळूहळू वेग घेतो. पाटीवर एलआरए 104 आहे म्हणजे हा तो नव्हे.

काळा_मांजा
इन्व्हर्टर जनरेटर घ्या, लहर एकदम स्वच्छ. बोर्डही सुरक्षित.

वायरमन_बापू
लहर स्वच्छ, पण झटका सोसायची ताकद साध्यापेक्षा कमी. यांच्या कॉम्प्रेसरला तो डोळे मिटून ट्रिप होईल.
@सदा, ट्रिप कधी होतो? 'घुंऽऽ' झाल्याबरोबर की नंतर?

सदा_गारठलेला
बरोबर नाही. दिवे परत पूर्ण होतात, थोड्या वेळाने पुन्हा घुं, पुन्हा गप्प. असं झालं की बोर्डावर लाल दिवा लुकलुकतो. मग काही मिनिटांनी जनरेटर अचानक एकदम दाबल्यासारखा होतो आणि पडतो. काय फरक पडतो त्याने?

वायरमन_बापू
सगळा फरक त्यातच आहे, साहेब! युनिटच्या डक्टमध्ये जादा इलेक्ट्रिक हीटर आहे का? त्याचा ब्रेकर केवढा?

सदा_गारठलेला
असेल. वेगळा ब्रेकर आहे, 60 अँपिअर. तो पंपाचाच समजत होतो.

वायरमन_बापू
हाच तो चोर. कॉम्प्रेसर लॉकआउटला गेला, म्हणजे बोर्डाने त्याला बंद करून ठेवला, की बऱ्याच युनिटांत थर्मोस्टॅट मदतीला हीटर बोलावतो. 60 चा ब्रेकर म्हणजे साधारण 10 किलोवॅट, आणि ते तुमच्या 7 वर पडतात. कॉम्प्रेसरने व्होल्टेज खाल्ला, हीटरने जनरेटर पाडला. दोन वेगळी दुखणी आहेत. जनरेटर लावायच्या आधी हीटरचा ब्रेकर पाडून ठेवा आणि लॉकआउट काढायला युनिटची वीज तोडून पाच मिनिटं थांबा, लगेच परत देऊ नका.

मेघना_क
जनरेटर घराला जोडलाय कसा? चेंजओव्हर स्विच आहे ना? सॉकेटमध्ये उलटी वायर घातली असेल तर लाइनवर काम करणारा माणूस मरतो. आणि तो बाहेर, खिडक्यांपासून लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सदा_गारठलेला
चेंजओव्हर आहे. बाहेर आहे. तेवढं कळतं.
हीटरचा ब्रेकर पाडून बघितला. जनरेटर आता पडत नाही. पंप मात्र तसाच घुमतो.

शून्य_दाब
मग आता सॉफ्ट स्टार्टर. 104 चे चाळीसेक अँपिअर झाले तरी 10 केव्हीए होतात, तुमच्या 9 च्या काठावर. फ्रिज बंद ठेवूनच उठवा. एक विचारायचं राहिलं, पंप बंद लूपवर आहे, म्हणजे जमिनीतल्या नळ्यांत तेच पाणी फिरतं, की बोअरच्या पाण्यावर?

सदा_गारठलेला
बोअरच्या पाण्यावर. त्याचा काय संबंध? बोअरचा पंप जनरेटरवर व्यवस्थित चालतो.

वायरमन_बापू
देवा. एकटा असताना चालतो! हीट पंप पाणी ओढायला लागला की टाकीचा दाब उतरतो, प्रेशर स्विच बोअरला उठवतो, आणि तोही पाच-सहा पट करंट मागतो, कॉम्प्रेसर आधीच 4 किलोवॅट खात असताना. किती एचपी?

सदा_गारठलेला
एक.

शून्य_दाब
मग बोअरलाही हळू उठवावं लागेल. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा डबा, लावला तर पंप पाण्याच्या मागणीप्रमाणे फिरत राहतो, दर वेळी धक्का नाही. आधी विचारलं असतं तर...

वायरमन_बापू
दोन डबे लावायचे, वर काठावरचा जनरेटर. मी अजूनही म्हणतो, मोठा सेट घ्या. 20 नको तर सॉफ्ट स्टार्टर लावून 12.

टोचणारे_काका
बॅटरीला धक्काबिक्का काही होत नाही, एवढंच सांगतो.

शून्य_दाब
काका, बॅटरीमागच्या इन्व्हर्टरलाही हेच 104 अँपिअर दिसणार.

सदा_गारठलेला
सॉफ्ट स्टार्टर मागवतोय. तोवर वादळ आलं तर हीटर बंद, पंप बंद, लाकडाची शेगडी. स्टार्टर लावला तर पंपाची वॉरंटी जाते का?

शून्य_दाब
मॉडेल नंबर देऊन बनवणाऱ्याला लेखी विचारा, फोनवरचं हो धरू नका.

वायरमन_बापू
आणि डिझेल की पेट्रोल ते अजून सांगितलं नाहीत.